मधकेंद्र योजनेचा अर्ज: सातबारा काढण्याआधी बांधावर चक्कर मारा

मधमाशा पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अनुदान किती?" महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ते ५० टक्के आहे, पण साहित्याच्या रूपात. उरलेले ५० टक्के आपले घालायचे. खात्यावर रक्कम जमा होईल म्हणून वाट बघत बसणारे भेटतात, त्यांनी हे आधीच समजून घ्यावं. प्रशिक्षण मात्र मोफत आहे, आणि निघालेला मध हमीभावाने विकत घेण्याचीही तरतूद आहे.

अर्ज तीन प्रकारे करता येतो. वैयक्तिक मधपाळासाठी अट सोपी आहे: वय १८ पेक्षा जास्त आणि लिहिता-वाचता येणं. स्वतःची शेती असेल तर प्राधान्य मिळतं, नसली तरी दार बंद नाही. केंद्रचालक व्हायचं तर किमान दहावी पास, वय २१ च्या वर, आणि स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्याही नावावर किमान १ एकर शेतजमीन हवी, भाडेपट्ट्याची चालते. शिवाय दुसऱ्यांना शिकवता यायला हवं, कारण केंद्रचालकाचं तेच मुख्य काम. तिसरा प्रकार संस्थेचा. ती नोंदणीकृत असावी, तिच्याकडे १ एकर जमीन आणि किमान १००० चौरस फुटांची इमारत असावी. मालकीची नसेल तर १० वर्षांच्या कराराने घेतलेली.

कागदपत्रं या अटींवरूनच ठरतात. आधारकार्ड, फोटो, वयाचा आणि शिक्षणाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत, सातबारा. संस्थेसाठी नोंदणी प्रमाणपत्र. घोळ होतो तो सातबाऱ्यावर. जमीन वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आणि अर्ज नातवाचा, असं घरोघरी असतं. नियमाला ते मान्य आहे, फक्त नातं कागदावर दिसायला हवं, म्हणून रेशनकार्ड आणि संमतीपत्र सोबत ठेवा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढता येतो. भाड्याची जमीन असेल तर करार साध्या कागदावर करू नका. माझा पहिला अर्ज एवढ्याचसाठी परत आला होता.

आता ज्याबद्दल अर्जात एक ओळही नाही ते. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, माशीला तिथे काय खायला मिळेल ते सांगत नाही. सातेरी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी, साधारण किलोमीटरभराच्या आत चारा शोधते. त्या टापूत वर्षभर काही ना काही फुललेलं नसेल तर पेटी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. एक वही घ्या आणि महिन्याप्रमाणे लिहा. शेवगा फेब्रुवारी-मार्चला, जांभूळ त्याच्या पुढेमागे, करंज एप्रिल-मेला, तीळ आणि कारळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, तूर दिवाळीच्या सुमारास. जुलैसमोर बहुतेकांची ओळ कोरी राहते. तण म्हणून आपण बांधावर तणनाशक मारतो तेव्हा याच कोऱ्या महिन्यातलं खाद्य जळतं. बांधाचा एक पट्टा तरी न फवारता सोडा.

तुरीच्या शेतात सकाळी दहाच्या सुमारास उभं राहून बघा. पिवळ्या फुलावर मोठा काळा भुंगा बसतो, त्याच्या वजनाने पाकळी खाली दबते आणि आतले पुंकेसर बाहेर येतात. हा भुंगा कुणाच्या पेटीत राहत नाही, वाळलेल्या लाकडात भोक पाडून राहतो. म्हणजे बांधावरचं वठलेलं खोड हेही एका परागकण वाहणाऱ्याचं घर आहे. सरपणाला न्यायची घाई नको. फवारणी टाळता येत नसेल तर फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधं वापरू नका, आणि जे मारायचं ते माश्या परतल्यावर, संध्याकाळी. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण माशी हद्दीचे दगड मानत नाही.

अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात द्यायचा. योजनेचं मुख्य ठिकाण महाबळेश्वरचं मध संचालनालय. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. अर्ज मागवल्याची बातमी सहसा स्थानिक वर्तमानपत्रात येते, पण कार्यालयात महिन्यातून एकदा विचारलेलं बरं.

निवड झाल्यावर प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी मंडळाला बंधपत्र लिहून द्यावं लागतं, की मी हा व्यवसाय सुरू करीन. सही करण्याआधी वहीतल्या कोऱ्या महिन्यांकडे पुन्हा बघा आणि स्वतःच्या वाट्याचे पैसे बाजूला काढलेत का तेही. निवडीचा निरोप कधीही येवो, शेवगा आणि करंजाची रोपं मात्र जूनच्या पहिल्या पावसातच लावून टाका.