हिवाळ्यासाठी घडलेला दिवा आणि आपलं मळभ

रत्नागिरीत कुणाला ‘लाइट थेरपी’ म्हणून विचारलंत तर पहिलं उत्तर बाळाच्या काविळीचं येईल: जन्मल्यावर दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. दुसरं कोडाचं. तिसरं कंबरेला दिलेल्या लाल दिव्याच्या शेकाचं. उदास मनासाठी सकाळी अर्धा तास पांढऱ्या उजेडासमोर बसायचं, हा चौथा अर्थ इथे पोचला तो बहुतेक परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या सामानातून. माझी भाची स्कॉटलंडमध्ये अबर्डीनला असते. तिथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस पावणेसात तासांचाही भरत नाही, दुपारी साडेतीनला सूर्य मावळलेला असतो. तिच्या टेबलावर असा दिवा आहे. गेल्या मे महिन्यात येताना तिने तसाच एक आजीसाठी आणला, चौकोनी पिनांच्या प्लगसकट. आई त्याला ‘हिवाळ्याचा दिवा’ म्हणते. बाहेर काढला तो जुलैत.

कोकणात हे असंच होणार. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तरेला. वर्षातला सगळ्यांत छोटा दिवससुद्धा इथे अकरा तासांचा असतो, आणि त्या दिवसांत आंब्याला मोहोर, गावोगावी जत्रा, सकाळचं कोवळं ऊन. हिवाळ्यात इथे कुणी खचत नाही असं नव्हे, पण त्याचं खापर सूर्यावर फोडता येत नाही. आपला काळोखाचा हंगाम मृगानंतरचा. झड लागली की चार-चार दिवस सावली म्हणून पडत नाही, कपडे वाळत नाहीत आणि माणसं ‘करमत नाही’ म्हणत दारात उभी राहतात. ‘मळभ’ हा शब्द आभाळाला आणि मनाला आपण सारखाच लावतो. ‘दुर्दिन’चा संस्कृत कोशातला एक अर्थ चक्क ढगांनी झाकलेला दिवस; वाईट काळ हाच अर्थ तेवढा मराठीत राहिला.

उजेडाने बरं करण्याची कल्पना जुनीच. १९०३चं वैद्यकाचं नोबेल एका डॅनिश डॉक्टरला मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रखर दिव्यांचे किरण वापरल्याबद्दल. पण तो उपचार कातडीवरचा होता, डोळ्यांवाटे मनावर परिणाम करणारा नव्हे. आज आपण जे म्हणतो त्याची सुरुवात १९८०ची, वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी संशोधन संस्थेतली. रात्रीच्या अंधारात शरीर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक तयार करतं. घरातल्या साध्या दिव्याने ते कमी होताना दिसलं नव्हतं, त्यामुळे माणसाला उजेडाचं तितकंसं सोयरसुतक नसावं, असं तोवर मानलं जाई. त्या वर्षी दिसलं की २,५०० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड डोळ्यांवर पडला तर ते दबतं. साध्या दिवाणखान्यात दोन-तीनशे लक्स असतात, यावरून फरक लक्षात यावा.

मग आला एक इंजिनिअर. त्याने स्वतःच्या मनाच्या चढउतारांची वर्षानुवर्षं वही ठेवली होती. दर हिवाळ्यात खाली, दर वसंतात वर. तो आपणहून संशोधकांकडे गेला. त्यांनी त्याला पहाटे तीन तास आणि संध्याकाळी तीन तास दिव्यांसमोर बसवलं, म्हणजे डिसेंबरच्या दिवसाला एप्रिलएवढं लांब केलं. चार-पाच दिवसांत त्याचं मन उघडलं. एकाच रुग्णाची ही हकिगत १९८२मध्ये छापून आली. दरम्यान वर्तमानपत्रात एक लेख आला आणि अशीच तक्रार सांगणाऱ्या पत्रांचा ढीग पडला. १९८४मध्ये २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजाराला नाव मिळालं: ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’, म्हणजे ऋतूबरोबर येणारा मनाचा आजार. त्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘सॅड’ होतं. नाव इतकं चपखल की त्यावर शंका घ्यायला पुढची बरीच वर्षं कुणाला फारसं सुचलं नाही.

खरा गुंता नावाच्या पोटात आहे. नावात फक्त ‘ऋतू’ आहे, ‘हिवाळा’ नाही. हिवाळा चिकटला कारण पत्रं लिहिणारे ३९ अंश उत्तरेच्या आसपासचे आणि त्याहून वरचे होते. उन्हाळ्यात खचणारे रुग्णही १९८७पर्यंत नोंदले गेले होते; त्यांची झोप आणि भूक वाढत नाही, उलट कमी होते. त्याच साली अमेरिकी मानसोपचाराच्या नियमपुस्तिकेच्या सुधारित आवृत्तीत ऋतूला जागा मिळाली, पण स्वतंत्र आजार म्हणून नाही. नैराश्याच्या निदानाला जोडायचं एक विशेषण: ‘ऋतुबद्ध स्वरूपाचं’. म्हणजे लोक ज्याला वेगळा आजार म्हणून ओळखतात तो त्या पुस्तकात कधी स्वतंत्र आजार नव्हताच. १९९४ आणि २०१३च्या आवृत्त्यांनी हेच चालू ठेवलं. वर्षांची आणि महिन्यांची गणितं तेवढी बदलली.

आणि एक अट तिन्ही आवृत्त्यांत राहिली. ऋतूबरोबर येणारं एखादं उघड सामाजिक कारण असेल, तर तो रुग्ण यात धरायचा नाही. उदाहरणही दिलंय: दर हिवाळ्यात नोकरी जाणारा माणूस. हे वाक्य मी मिरकरवाड्यात, रत्नागिरीच्या मासेमारी बंदरात, उभं राहून वाचतो तेव्हा वेगळं दिसतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला ओढून निळ्या प्लास्टिकखाली, नेपाळी खलाशी गावी गेलेले, इथले तांडेल शेडमध्ये जाळी दुरुस्त करत बसलेले. आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीत, भरून ठेवलेलं सुकट आणि तांदूळ खाली जातात तशी उधारी वर जाते. आता यातला एखादा दर जुलैत गप्प होतो, बाराबारा तास झोपतो, नारळी पौर्णिमेला माणसांत येतो. त्याला काय झालंय? ढगांनी उजेड अडवला म्हणून, की धंदा बंद म्हणून? पुस्तकाच्या हिशेबात कारण ‘उघड’ आहे, म्हणून तो ऋतुबद्ध नव्हे.

ही अट कुणी दुष्टपणे घातली असं नाही. ती नसती तर हंगामी मजुरांची सगळी गरिबी आजार म्हणून नोंदली गेली असती आणि सावकाराच्या प्रश्नावर दिवा लिहून दिला गेला असता. तरीही मला ती ऑफिसात बसणाऱ्यांच्या मापाने बेतलेली वाटते. ज्याचा पगार बारा महिने सारखा त्याच्या बाबतीत उजेड आणि रोजगार वेगळे काढता येतात. किनाऱ्यावर दोन्ही एकाच आठवड्यात बंद होतात.

पुढचा इतिहास भराभर घडला. तीन-तीन तास कुणाला परवडणार? १९९०च्या सुमारास १०,००० लक्स आणि सकाळी अर्धा तास हे प्रमाण ठरलं. दिवस लांबवण्याची मूळ कल्पना मागे पडली, सकाळची वेळ महत्त्वाची ठरली. दिव्याच्या चाचणीत मोठी अडचण अशी की खोटा दिवा देता येत नाही, रुग्णाला दिसतंच. म्हणून १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत काही जणांना हवेत आयन (विद्युतभारित कण) सोडणारं यंत्र दिलं, जे मुद्दाम बंद करून ठेवलं होतं. दिवा त्याच्यापेक्षा सरस ठरला. २००२मध्ये डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी सापडल्या ज्या चित्र पाहण्यापेक्षा उजेड किती आहे हे मेंदूच्या घड्याळाला कळवतात, आणि निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. २००६मध्ये कॅनडातल्या ९६ रुग्णांवरच्या चाचणीत दिवा आणि नैराश्याची नेहमीची गोळी जवळपास बरोबरीला आले. नॉर्वेत तर ऱ्युकान नावाच्या गावाने, जिथे डोंगरामुळे निम्मं वर्ष ऊन उतरत नाही, २०१३मध्ये कड्यावर तीन मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं.

आणि २०१६मध्ये उलटा सूर निघाला. अमेरिकेतल्या ३४,२९४ प्रौढांच्या पाहणीत नैराश्याचा ऋतूशी, अक्षांशाशी किंवा सूर्यप्रकाशाशी संबंध सापडला नाही, आणि ते विशेषणच काढून टाकावं का असा सवाल झाला. विरोधकांचं म्हणणं, सगळ्या जनतेची सरासरी काढली की मूठभर लोकांचं दुखणं त्यात विरघळणारच. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे अडचण याहून साधी आहे. पावसाच्या आधी पडवीला झापं किंवा ताडपत्री बांधतात, झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून. जुलैत सकाळी अकराला मी मोबाइलवरच्या मापकाने मोजलं (त्याचा भरवसा तितपतच): आई बसते त्या माजघरात शंभर लक्सही नव्हते. अंगणात, भरून आलेल्या आभाळाखाली, काही हजार. म्हणजे ढगांनी ठेवलं होतं ते आम्ही झापांनी अडवलं होतं. डॉक्टरांना दिवा दाखवला तेव्हा त्यांनी आधी आईच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घेतली, घरात कुणाला कधी उन्मादाचा झटका आला होता का ते विचारलं, कारण अशा माणसाला हा उजेड फार वर चढवू शकतो, आणि मग म्हणाले, ‘‘आजींना सकाळी ओटीवर बसवा. पाऊस असेल तेव्हा लावा हा.’’

ओटीच्या बाजूचं एक झाप आम्ही सोडलं. दिवा सात-आठ वेळा लावला असेल. दोनदा लाइटच गेली. ऑगस्टच्या शेवटी उघाडी पडली तशी आई आपणहून अंगणात जाऊन फुलं काढायला लागली. दिवा तिने पुसून खोक्यात ठेवलाय, आगोटीच्या सामानाशेजारी.