माणदेशात कामाला जाण्याआधी: उघड्या माळामागचा इतिहास

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव ओलांडून दहिवडीकडे निघाले की ऊस हळूहळू मागे पडतो. पुढे बोडके डोंगर, वेड्या बाभळी, बांधावरचे घायपात आणि बहुतेक वर्षभर कोरडे पडलेले माणगंगेचे पात्र. शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक किंवा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता म्हणून माण तालुक्यात पहिल्यांदा रुजू होणाऱ्याचे मत बहुधा या रस्त्यावरच बनते: निसर्गाने इथे काही दिले नाही आणि लोकांनीही फारसे काही केले नाही. यातले पहिले बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे साफ खोटे आहे, आणि ते मनात धरून आलेल्या माणसाला गाव जवळ करत नाही.

आधी पावसाचे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या दहिवडी-म्हसवडला तो 500 मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. इथला भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर आणि त्यावर येणाऱ्या शाळूवर, म्हणजे रब्बी ज्वारीवर. म्हणून जुलैत आलेल्याला मैलोन्‌मैल मोकळी रानं दिसतात आणि ती पडीक वाटतात. जरा बांधावर उतरून पाहावे. माती भुसभुशीत असते, तण काढलेले असते, कुळवाच्या पाळ्या उताराला आडव्या गेलेल्या असतात. पडेल तो थेंब जमिनीत मुरावा आणि पेरणीपर्यंत ओल टिकावी यासाठी शेतकऱ्याने ते रान राखलेले असते.

दुष्काळाची आठवण इथे फार जुनी आहे. याच माणगंगेच्या खोऱ्यात, खाली मंगळवेढ्याला, पंधराव्या शतकात दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा आजही कीर्तनांतून सांगितली जाते. लेखी पुरावा भरपूर मिळतो तो 1876 ते 78 च्या दुष्काळाचा. ब्रिटिश सरकारने दुष्काळी कामे काढली, पण दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी केली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ती नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव हे त्याच काळातले दुष्काळी काम. नवख्या माणसाला तिथे छान पाणी आणि पक्षी दिसतात. त्याचा भराव मात्र अर्धपोटी माणसांनी डोक्यावरून माती वाहून घातलेला आहे.

त्यानंतरचा मोठा टप्पा 1972 चा, आणि आज माणमध्ये जे जे दिसते त्यातले बरेचसे तिथून निघते. लागोपाठची वर्षे हातची गेली होती. गावेच्या गावे खडी फोडायला बसली. तान्ही पोरे झोळीत, समोर दगडाचा ढीग, हातात हातोडा आणि संध्याकाळी मोजमाप. घरी परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मुलांना सुकडी. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसे अशा कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, शेतातले ताल (मातीचे बांध) यांतले कितीतरी त्या हातांचे आहेत. एखादा पाझर तलाव गाळाने भरलेला दिसला तर त्याला निकामी ठरवण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे. तो कुणी कुणी बांधला, हे ती नावानिशी सांगेल.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये आपल्या भागात तिचा लहान प्रयोग केला होता. कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यात पगारातून दरमहा कापले जाणारे दोनशे रुपये मुळात या माळावरच्या मजुरीसाठी होते, हे मला फार मोलाचे वाटते. कोरडवाहू माणसाने कामाचा हक्क मागितला आणि शहराने त्याचा भार उचलला. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, 2005 मध्ये आला.

गावात कुलूपबंद घरे दिसतील. त्यामागे मुंबईची वाट आहे, ऊसतोड आहे, मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर आहेत. शेजारच्या खानापूर-आटपाडीसारखीच इथलीही कुटुंबे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली. यात्रेला ही कुलपे उघडतात. त्यामुळे ग्रामसभेत दिसतात तेवढीच माणसे गावाची, असे धरून चालू नये.

म्हातारी माणसे सांगतात की बहात्तरला धान्य नव्हते, विहिरीत पाणी होते. 2012 ला दुकानात धान्य होते, पाणीच नव्हते. मधल्या चाळीस वर्षांत विजेचे पंप आले, बोअर खोल खोल गेल्या. 2012-13 मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी चालली. माणसे जनावरांसोबत तिथेच राहायला आली. पुढे श्रमदानाची लाट आली आणि 2018 मध्ये माणमधल्या टाकेवाडीने वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेचे पहिले बक्षीस घेतले.

पण श्रमदानाने पडलेला पाऊस अडतो, न पडलेला नाही. म्हणून कृष्णेच्या पाण्याची मागणी जुनी आहे. 1993 मध्ये स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली आणि ती वर्षानुवर्षे भरत राहिली. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या पाणी योजनांची नावे इथे लहान पोरालाही पाठ आहेत. अलीकडच्या वर्षांत काही शिवारांत पाणी आले आणि पाठोपाठ ऊसही आला. कालव्याच्या वरच्या अंगाची गावे अजून टँकरची वाट पाहतात. कामाला येणाऱ्याने पहिल्या आठवड्यात गावचा नकाशा मागून घ्यावा आणि कुणाचे रान कालव्याखाली आहे, कुणाचे वर राहिले, हे गावकऱ्यांबरोबर फिरून त्यावर लिहून घ्यावे. ग्रामसभेतली बहुतेक भांडणे त्या रेषेवर होतात.