गोळ्या चालू आहेत, तरी नैराश्य जात नाही

नैराश्यावरची पहिलीच गोळी पूर्ण लागू पडेल असं मानसोपचारतज्ज्ञही गृहीत धरत नाहीत. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात चार हजारांवर रुग्णांना आधी सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध दिलं होतं. जेमतेम तिघांतल्या एकाचं नैराश्य पुरतं ओसरलं. औषध बदलल्यावर किंवा जोडीला दुसरं दिल्यावर उरलेल्यांतही साधारण तेवढेच बरे झाले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात मात्र हे प्रमाण १३-१४ टक्क्यांवर आलं. या अभ्यासातले आकडे फुगवलेले असल्याची टीका पुढे झाली, पण पुढच्या टप्प्यांत यश घटत जातं हे टीकाकारांनाही मान्य आहे. म्हणून दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नसेल, तर तिसऱ्याचं नाव चिठ्ठीवर चढण्याआधी जरा थांबून मागचं तपासावं.

‘नीट घेऊन’ म्हणजे पुरेशा मात्रेत, सहा ते आठ आठवडे, रोज. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीची नेहमीची मात्रा दिवसाला ५० ते २०० मिलिग्रॅम असते. सुरुवात २५ पासून होते आणि फेरतपासणी टळत गेली की माणूस वर्षभर २५ वरच राहतो. मग ‘औषध चाललं नाही’ असा शेरा बसतो. गोळ्या चुकण्यामागे विसराळूपणाच असतो असंही नाही. वजन वाढतं, शरीरसंबंधाची इच्छा मरते आणि हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, म्हणून लोक मधले दिवस गाळतात. हे सांगितलं तर औषध बदलता येतं. आपल्याच मनानं एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात झिणझिण्या येतात. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्या सोडताना हा त्रास विशेष.

मग शरीराकडे बघायचं. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या करून घ्याव्यात. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या ती आणखी वाढवतात. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंगणं असेल तर झोपेची तपासणी करावी. रोजची दारू असेल तर तीही मोकळेपणानं सांगावी, कारण ती चालू असेपर्यंत गोळीचा अंदाज घेणंच अवघड जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक निदानाची. पूर्वी कधी चार-आठ दिवस झोप न लागताही अंगात उत्साह सळसळत होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे पाण्यासारखे खर्च झाले होते, असं घडलं असेल तर हा बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा आजार असू शकतो. त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळीनं बिघडूही शकतं. रुग्णाला ते दिवस ‘माझे चांगले दिवस’ म्हणून आठवतात, आजार म्हणून नाही. त्यामुळे घरातलं माणूस एकदा तरी तपासणीला सोबत असावं.

हे सगळं पाहून झाल्यावर गोळीच्या जोडीला बोलण्यातून होणारा मानसोपचार द्यायचा. ब्रिटनमध्ये औषधानं गुण न आलेल्या ४६९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधासोबत विचार-वर्तन उपचार घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांचा त्रास सहा महिन्यांत निम्म्याने घटला. नेहमीचेच उपचार चालू ठेवणाऱ्यांत हेच प्रमाण २२ टक्के होतं. आपल्याकडे असे थेरपिस्ट मिळायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर गोव्यात सापडतं. ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ या कृतीवर भर देणाऱ्या समुपदेशनाची चाचणी घेतली. समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले साधे लोक. बैठका सहा ते आठ. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर या बैठका न मिळालेल्यांत ३९ टक्के. हे रुग्ण औषधांना दाद न देणारे म्हणून निवडलेले नव्हते, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पद्धत मात्र घरी समजून घेण्याजोगी आहे.

नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडल्यानं बरं वाटण्याचे प्रसंग घटतात, मन आणखी खचतं, आणखी काही सुटतं. हा फेरा कृतीच्या बाजूनं तोडायचा. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त वहीत वेळ, काम आणि मनाला ० ते १० पैकी गुण मांडायचे. ‘७ ते १०, अंथरुणात मोबाइल, २.’ ‘दुपारी ४, कुंड्यांना पाणी, ४.’ गुण दोनावरून चारावर गेले, हीच शोधायची जागा. दुसऱ्या आठवड्यात दोनच कामं ठरवायची: एक थोडं आवडीचं, एक हातावेगळं झाल्याचं समाधान देणारं. ‘व्यायाम करणे’ असं मोघम लिहू नये. ‘मंगळवार, संध्याकाळी सव्वासहा, चप्पल घालून गेटपर्यंत’ असं लिहावं. वेळ झाली की निघायचं, मन असो वा नसो.

बिघडतं ते बहुधा काम मोठं ठरवल्यानं. दोनदा जमलं नाही तर काम निम्मं करावं, गेटऐवजी जिन्यापर्यंत. पहिल्या दिवसापासून मजा येईल ही अपेक्षाही घातक. कृती आधी येते, गोडी मागून. फिरताना डोक्यात तेच ते दळण चालू असेल तर शरीर बाहेर आणि मन अंथरुणातच. अशा वेळी फोनवर कुणाशी बोलत चालावं. घरच्यांनी ‘जरा मनावर घे’ हा सल्ला देण्यापेक्षा सव्वासहाला दारात उभं राहावं. आणि कर्जाचा तगादा किंवा घरातली मारहाण गेटपर्यंत चालून सुटत नाही. म्हणून गोव्यातल्या बैठकांत अडचणी सोडवणं हाही भाग होता.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर चालू गोळीला लिथियम किंवा अल्प मात्रेत ॲरिपिप्राझोल हे दुसरं औषध जोडतात. लिथियमची रक्तातली पातळी तपासावी लागते, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं किंवा अंगदुखीला आयबुप्रोफेन घेतलं, की ती धोकादायक चढू शकते. डोक्यावर चुंबकीय स्पंदनं देण्याचा टीएमएस उपचार आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. भूल लागत नाही. केटामाइन या औषधाचा असर तासाभरात दिसू शकतो, पण टिकाऊ नसतो. शॉक ट्रीटमेंटची दहशत जुन्या सिनेमांतली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देण्यास बंदी आहे. उपचाराच्या काळातल्या आठवणी पुसट होतात, हा तोटा खरा. पण खाणंपिणं सोडलेल्या, जिवावर बेतलेल्या रुग्णासाठी तिच्याइतका प्रभावी उपाय आजही दुसरा नाही.

कुठलाही बदल केला तरी दर पंधरा दिवसांनी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरावी. ती मराठीतही आहे. बेरीज ० ते २७ मध्ये येते आणि ती सुरुवातीच्या निम्म्यावर आली तर उपचार लागू पडतोय. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं, किंवा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. घरातली गोळ्यांची पाकिटं दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत आणि एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या आणाव्यात.