सामायिक उपकरण केंद्रे (बेळगाव सीमाभाग)

एकट्या महाविद्यालयाला न परवडणारी क्ष-किरण आणि प्रकाशीय वर्णपटाची यंत्रे एका जागी ठेवून परिसरातल्या संशोधकांना शुल्क घेऊन वापरू देण्याची व्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या संशोधकाला अशी दोन केंद्रे जवळची : धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ (बेळगावहून सुमारे ७५ किमी) आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (सुमारे ११० किमी). दोन्हीकडे केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारे ‘सैफ’ (प्रगत विश्लेषण-उपकरणांचे केंद्र) आहे. राज्ये दोन असली तरी महामार्ग एकच आहे, आणि नमुन्याच्या पुडीला सीमाप्रश्न माहीत नसतो.

दोन्ही तऱ्हेची यंत्रे का लागतात, हे इथल्या जांभ्यावरून चांगले कळते. जांभ्यात लोहाची हेमॅटाइट व गोथाइट आणि ॲल्युमिनियमचे गिब्साइट ही खनिजे एकमेकांत मिसळलेली असतात; गिब्साइट भरपूर असेल तर अशा जांभ्यालाच बॉक्साइट म्हणतात. क्ष-किरण विवर्तन (एक्सआरडी), म्हणजे स्फटिकावरून किरण कोणत्या कोनांत वळतात याचा आलेख, स्फटिकाची रचना ओळखते. तांब्याच्या नळीतून येणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी गिब्साइटचे ठळक शिखर १८.३ अंशांजवळ दिसते. पण हेच किरण लोहाला स्वतःचे क्ष-किरण सोडायला लावतात. त्यामुळे आलेखाचा तळ वर उचलला जातो आणि बारीक शिखरे त्यात बुडतात. शिवाय ज्याला स्फटिकच नाही, त्याची स्पष्ट शिखरे विवर्तनात उमटत नाहीत.

तिथे अवरक्त वर्णपट कामी येतो. हायड्रॉक्सिल गटाची (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीची) कंपने तो टिपतो, मग खनिज स्फटिकरूप असो वा नसो. रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर-प्रकाशाच्या नोंदीत) गोथाइटची खूण ३८५ प्रति सेंमी.च्या आसपास मिळते. मात्र लेसरचा जोर जास्त झाला की पूड तापून गोथाइटचे हेमॅटाइट होते. म्हणजे मोजता मोजताच नमुना भाजला जातो! नवख्या विद्यार्थ्याची फसगत बहुधा इथेच होते.

लोहाच्या अणूभोवती कोणते अणू किती अंतरावर आहेत, हे पाहायचे तर इंदूरच्या ‘इंडस-२’ या २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) जावे लागते. तिथे आधी प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तो मंजूर झाल्यावर वेळ मिळतो.

जांभ्याच्या एकाच ढेकळात पांढरा आणि तांबडा भाग शेजारी असतात. म्हणून सगळे ढेकूळ एकत्र वाटून, एकाच डब्यातली पूड दोन्ही केंद्रांना पाठवतात. नाहीतर धारवाडचा आलेख एका दगडाचा आणि कोल्हापूरचा दुसऱ्याच, असे होऊन बसते.