घरी तयार केलेल्या आखूड नळीच्या रायफलीची अमेरिकेतील नोंदणी : पात्रता, फॉर्म १ आणि कागदपत्रे

अमेरिकेत खासगी नागरिकाला स्वतःच्या वापरासाठी आखूड नळीची रायफल घरी तयार करता येते, मात्र तिची नोंदणी रायफल तयार झाल्यावर नव्हे, तर तयार होण्यापूर्वी मंजूर व्हावी लागते. या प्रक्रियेतील बहुतेक चुका हा क्रम न समजल्यामुळे होतात. आपल्याकडे गुंठेवारीतील बांधकाम आधी उभे राहते आणि मग शुल्क भरून नियमित होते, त्या सवयीने या कायद्याकडे पाहणे फार महागात पडते, कारण विनापरवाना तयार झालेल्या रायफलीची नोंद मालकाला नंतर करून घेता येत नाही. १९६८ मध्ये हेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला त्याची नोंद करायला लावणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे होय. त्यानंतर त्याच वर्षी कायदा बदलण्यात आला, नोव्हेंबरमध्ये महिनाभराची माफीची मुदत देण्यात आली आणि ती संपल्यावर नोंदणी केवळ आगाऊ अर्जानेच होऊ लागली.

ज्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ४०.६ सेंटीमीटरपेक्षा, कमी लांबीची आहे, किंवा रायफलीपासून तयार केलेल्या ज्या शस्त्राची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी आहे, ते शस्त्र आखूड नळीच्या रायफलीच्या व्याख्येत बसते. नळीची लांबी मोजताना बोल्ट (नळीचे मागील तोंड बंद करणारा सरकता भाग) बंद करून त्याच्या पुढील पृष्ठभागापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर धरतात. टोकाला बसवलेला जोडभाग कायमचा जोडलेला असेल तरच तो मापात येतो, फिरवून काढता येणारा असेल तर येत नाही. पाव इंचाच्या फरकाने सामान्य रायफल नोंदणीयोग्य शस्त्र ठरू शकते, म्हणून हे माप अंदाजाने घेऊ नये.

हा कायदा म्हणजे १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट, म्हणजेच एनएफए. मूळ विधेयकात पिस्तुलांचाही समावेश होता आणि रायफल कापून आखूड करून कोणी ते बंधन चुकवू नये, यासाठी आखूड नळीची रायफल त्यात आली. पुढे पिस्तुले वगळली गेली, पण ही रायफल यादीत तशीच राहिली. आज खुल्या बाजारात मिळणाऱ्या पिस्तुलापेक्षा आकाराने मोठ्या शस्त्राला अधिक कागदपत्रे का लागतात, या प्रश्नाचे उत्तर सुरक्षेच्या हिशेबापेक्षा या इतिहासात सापडते, असे माझे मत आहे.

शस्त्र तयार करण्यावरील कर १९३४ पासून २०० डॉलर होता आणि तो नऊ दशके बदलला नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड नळीच्या रायफलीसाठी हा कर शून्य केला. मशीनगन आणि विध्वंसक साधनांवर तो कायम आहे. कर गेला म्हणजे नोंदणीही गेली, असा समज अनेकांचा झाला, परंतु तो चुकीचा आहे. अर्ज, बोटांचे ठसे, पूर्वमंजुरी आणि राष्ट्रीय नोंदवही यांपैकी त्या कायद्याने काहीही रद्द केलेले नाही. १९३७ मध्ये सॉन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा करआकारणीच्या अधिकारावर उचलून धरला होता, त्यामुळे करच उरला नसताना नोंदणीला आधार काय, असा युक्तिवाद करणारे दावे २०२५ मध्ये दाखल झाले. युक्तिवाद वजनदार आहे, पण न्यायालयात चाललेल्या वादाच्या भरवशावर कोणी नळी आखूड करू नये. विनानोंदणी शस्त्र बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

अर्जदाराची पात्रता प्रथम केंद्रीय कायद्याने ठरते. एक वर्षापेक्षा अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती, फरार आरोपी, नियंत्रित अमली पदार्थांचा बेकायदा वापर करणारी व्यक्ती, कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेली किंवा तशा संरक्षण आदेशाखाली असलेली व्यक्ती आणि लष्करातून अप्रतिष्ठेने बडतर्फ झालेली व्यक्ती अपात्र ठरते. गांजा अनेक राज्यांत वैध असला तरी केंद्रीय कायद्यात तो नियंत्रित पदार्थच आहे, आणि फॉर्मवरील प्रश्नाला खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तिथल्या मराठी वाचकांसाठी व्हिसाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्रीन कार्डधारकाला केवळ परदेशी नागरिक असल्यामुळे केंद्रीय कायदा अपात्र ठरवत नाही. त्याने अर्जात आपला एलियन नंबर द्यायचा असतो. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मात्र सर्वसाधारणपणे कोणतेही बंदुकीसारखे शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असल्यास अपवाद मिळतो आणि त्याचा पुरावा अर्जाला जोडावा लागतो. तरीही, ज्याचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्याने या अपवादाचा आधार घेण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. शस्त्रविषयक गुन्ह्याचा परिणाम देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत जाऊ शकतो.

त्यानंतर राज्याचा कायदा पाहावा. राज्यात जे शस्त्र बेकायदा आहे त्यासाठी केंद्राची मंजुरी मिळत नाही. एडिसन परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने विषय इथेच संपतो, कारण न्यू जर्सीत सामान्य नागरिकाला अशी रायफल ठेवता येत नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही स्थिती तशीच आहे. टेक्ससमध्ये मात्र केंद्रीय नोंदवहीत नोंद असलेली रायफल चालते. घर बदलण्याची शक्यता असल्यास नव्या राज्याचा कायदाही आधीच पाहून ठेवावा.

अर्ज स्वतःच्या नावाने करायचा की ट्रस्टच्या, हे फॉर्म भरण्यापूर्वी ठरवावे. वैयक्तिक अर्जात कागद कमी लागतात, परंतु नोंदणीकृत मालकाच्या गैरहजेरीत पत्नीच्या किंवा भावाच्या ताब्यात रायफल राहिली तर अडचण निर्माण होते. तिजोरीचा क्रमांक घरातील दुसऱ्याला माहीत असणे हेसुद्धा यात येऊ शकते. ट्रस्टमध्ये एकापेक्षा अधिक विश्वस्त रायफल बाळगू शकतात, पण १३ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या नियमामुळे ट्रस्टमधील प्रत्येक जबाबदार व्यक्तीला स्वतंत्र प्रश्नावली म्हणजे फॉर्म ५३२०.२३, छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. चार विश्वस्त असतील तर चार संच लागतील. ट्रस्टचा संपूर्ण दस्तऐवजही जोडावा लागतो; मागील २४ महिन्यांत त्याच ट्रस्टचा अर्ज मंजूर झाला असेल आणि दस्तऐवजात बदल नसेल, तर तसे लेखी प्रमाणित केल्यास तो पुन्हा जोडावा लागत नाही.

मुख्य अर्ज म्हणजे एटीएफचा, म्हणजे शस्त्रविषयक कायदे राबवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचा, फॉर्म ५३२०.१; बोलताना सगळे त्याला फॉर्म १ म्हणतात. तो एटीएफच्या ई-फॉर्म्स संकेतस्थळावर खाते उघडून भरता येतो. कागदी मार्गही उपलब्ध आहे, पण तो निवडण्याचे कारण मला दिसत नाही. अर्जात शस्त्राचा प्रकार, कॅलिबर (नळीचा आतील व्यास), मॉडेल, नळीची लांबी, एकूण लांबी आणि अनुक्रमांक द्यावा लागतो. दुकानातून घेतलेल्या रिसीव्हरवर (ज्यावर नळी आणि दस्ता बसतो त्या मुख्य सांगाड्यावर) रायफल उभारायची असेल, तर मूळ उत्पादकाचे नाव आणि त्याचाच अनुक्रमांक लिहायचा असतो. नवा क्रमांक शोधून काढू नये. रिसीव्हरही घरीच घडवायचा असेल तर उत्पादक म्हणून अर्जदाराचे किंवा ट्रस्टचे नाव येते आणि अनुक्रमांक आपण ठरवायचा असतो. एकूण लांबी दस्ता पूर्ण उघडून मोजावी. शस्त्र का तयार करायचे आहे, असाही एक रकाना आहे. तिथे ‘सर्व कायदेशीर हेतूंसाठी’ एवढे उत्तर पुरते, निबंध लिहिण्याची गरज नाही.

सोबत दोन इंच लांबी-रुंदीचे अलीकडचे छायाचित्र आणि एफडी-२५८ या कार्डावरील ठशांचे दोन संच लागतात. ऑनलाइन अर्ज करणाऱ्याला ठशांची इलेक्ट्रॉनिक फाइल थेट जोडता येते. कार्डे टपालाने पाठवायची असल्यास अर्ज सादर झाल्यावर मिळणारे आवरणपत्र छापून त्यासह दहा दिवसांत पाठवावी लागतात. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुख किंवा शेरीफ यांना पाठवण्याची अटही २०१६ च्या नियमात आहे. पूर्वी त्या अधिकाऱ्याची सही लागत असे आणि अनेक ठिकाणी अर्ज त्या सहीपाशीच अडकत. आता ही केवळ सूचना आहे. तिला उत्तर येण्याची वाट पाहायची नसते. हे नमुने वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून भरताना चालू आवृत्तीसोबतच्या सूचना वाचाव्यात.

अर्जाची छाननी वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील एनएफए विभागात होते. मंजुरी येईपर्यंत रिसीव्हर जवळ असणे वैध आहे, मात्र दस्ता असलेल्या रायफलीवर आखूड नळी ‘फक्त बसते का पाहू’ म्हणून क्षणभर लावणेसुद्धा शस्त्र तयार करणे ठरते. ज्या आखूड नळीचा दुसरा कोणताही कायदेशीर उपयोग आपल्याकडे नाही, ती जुळणाऱ्या रायफलीशेजारी ठेवल्यास बाळगण्याचा हेतू गृहीत धरला जाऊ शकतो. ती नळी मंजुरीनंतर विकत घेणे हाच सोपा उपाय आहे.

मंजुरीनंतर कोरीव खुणा कराव्या लागतात, आणि हे काम अनेकजण विसरतात. तयार करणाऱ्याचे नाव, शहर आणि राज्य रिसीव्हरवर किंवा नळीवर किमान ०.००३ इंच खोल कोरलेले असावे. ट्रस्टच्या नावाने मंजुरी असेल तर तेथे ट्रस्टचेच नाव कोरायचे, म्हणून ट्रस्टचे नाव आटोपशीर ठेवावे. ‘कुलस्वामिनी’पासून सुरू होऊन तीन पिढ्यांची नावे घेणारा ट्रस्ट त्या इवल्याशा जागेत मावत नाही.

मंजूर फॉर्मची प्रत रायफलीसोबत ठेवावी. दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी फॉर्म ५३२०.२० वर एटीएफची परवानगी घ्यावी लागते आणि ती जास्तीत जास्त एका वर्षासाठी मिळते. विक्री फॉर्म ४ मंजूर झाल्यावरच करता येते, तर मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाकडे हस्तांतर फॉर्म ५ वर होते. रायफलीला पुन्हा १६ इंच किंवा अधिक लांबीची नळी बसवली आणि एकूण लांबीही २६ इंच किंवा अधिक राहिली, तर ती या व्याख्येतून बाहेर पडते आणि एनएफए विभागाला लेखी कळवून नोंदवहीतून तिचे नाव काढून घेता येते. ही अमेरिकी मंजुरी भारतात कामाची नाही. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार बंदुकीची नळी आखूड करण्यासाठी तेथे स्वतंत्र परवाना लागतो.