बोअरच्या पाण्याला कोणता गिझर?

‘क्षार साचला की गिझर दुप्पट वीज खातो,’ असं सांगून पाइपाला बांधायचं चुंबकाचं कडं विकलं जातं. कड्याचा भरवसा धरू नका. आणि दुप्पट विजेची गोष्टही चूकच.

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट जिथे सगळ्यात जास्त ताप, तिथेच चिकटतं: एलिमेंटवर. आता 2,000 वॅटच्या एलिमेंटचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमधून 10 वॅट बाहेर पडणार. पाण्याशिवाय त्या उष्णतेला दुसरी वाटच नाही. मध्ये थर आला तरी ती पाण्यातच जाते, पण तिला ढकलायला एलिमेंटला जास्त तापावं लागतं; 1 मिलिमीटर थराला साधारण 50 ते 100 अंश जास्त! म्हणून बिल फारसं वाढत नाही, एलिमेंट जळतं. बंबाचं उलट आहे. तिथे अडलेली उष्णता धुरासोबत निघून जाते, त्यामुळे पऱ्हाट्या खरंच जास्त लागतात.

म्हणून जड पाण्याला तापमान ठरवता येणारा साठवणीचा गिझर बरा. थर्मोस्टॅट 55 ते 60 वर ठेवा, त्यापुढे थर झपाट्याने धरतो. 15 लिटर 60 अंशांच्या पाण्यात तेवढंच 20 अंशांचं पाणी मिसळलं की 40 अंशांच्या दोन बादल्या होतात. घरात चार-पाच माणसं असतील तर 25 लिटरचा घ्या.

इन्स्टंट गिझर कमी व्होल्टेजला रडतो. 230 चे 170 व्होल्ट झाले की 3,000 वॅटचे जेमतेम 1,640 उरतात, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 15 लिटरचा, 2,000 वॅटचा साठवणीचा गिझर 21 मिनिटांऐवजी 38 मिनिटं घेईल, पण पाणी तापवेल.

गॅस गिझर बंद न्हाणीत लावूच नका. गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्लॅब असेल तर नळ्यांचा सोलर चांगला. त्याच्या रुंद काचेच्या नळ्या काढून धुता येतात, सपाट पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या चोंदतात.

विजेच्या गिझरला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दरवर्षी हिवाळ्याआधी मेन स्विच बंद करून टाकी रिकामी करा, एलिमेंट काढून लिंबूसताच्या पाण्यात भिजवा. हातोडीने ठोकू नका, नळी तडकते. मॅग्नेशियमची दांडी झिजून तार दिसत असेल तर बदला, नाहीतर टाकीच गंजते. झाकण लावताना रबरी गॅस्केट नवीन घाला. जुनं परत बसवलं की हमखास गळतं.