चिंतनपूर्व अनुभव

माणूस जो अनुभव प्रत्यक्ष जगत असतो, पण ज्याकडे त्याचे लक्ष अद्याप वळलेले नसते आणि ज्याला शब्दही मिळालेले नसतात, त्याला चिंतनपूर्व अनुभव म्हणतात. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी असेल असे समजून टाकलेले पाऊल सपाट जमिनीवर आदळते, तेव्हा ‘पायऱ्या संपल्या’ हे वाक्य मनात उमटण्याआधीच पोटात गोळा आलेला असतो आणि हात कठड्याकडे गेलेला असतो. हा अनुभव कुठे दडलेला नसतो. लक्ष बाहेरच्या वस्तूकडे असल्यामुळे तो निसटतो.

भारतीय दर्शनांत या विषयावर जुना आणि अजूनही न मिटलेला वाद आहे. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाने प्रत्यक्षाला, म्हणजे इंद्रियांनी थेट होणाऱ्या ज्ञानाला, ‘कल्पनापोढ’, म्हणजे नाम-जातींच्या योजनेपासून मुक्त, मानले. उलट वैयाकरण भर्तृहरीच्या मते शब्दाने व्यापलेले नाही असे ज्ञान जगात नाहीच. पाश्चात्त्य विचारात हुसर्ल आणि मेर्लो-पाँती या तत्त्वज्ञांनी हे क्षेत्र खुले केले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये यातली मुख्य अडचण नेमकी सांगितली होती : मनाचा प्रवाह आत वळून पाहणे म्हणजे अंधार कसा दिसतो हे पाहण्यासाठी झटकन दिवा मोठा करणे.

संशोधनाची वाट त्यामुळे स्मरणातून जाते. फ्रान्समध्ये पिएर व्हेर्मेर्श यांनी विकसित केलेल्या आणि क्लेअर पेतितमाँजाँ यांनी पुढे नेलेल्या मुलाखतपद्धतीत व्यक्तीला एकाच, ठरावीक क्षणात परत नेले जाते. ‘का’ हा प्रश्न कटाक्षाने टाळला जातो, कारण तो विचारताच माणूस अनुभव सोडून समर्थनाकडे वळतो. ‘कसे’, ‘त्याआधी काय झाले’, ‘शरीरात कुठे जाणवले’ असे विचारले जाते. उत्तर देणारा अडखळतो, नजर शून्यात लावतो, शब्दाआधी हाताने खूण करतो, आणि अनुभवी मुलाखतकार तेथेच थांबून वाट पाहतो.

अशा कथनावर किती विसंबावे, हा खरा प्रश्न आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात लोकांना दोन चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून एक निवडायला सांगून नकळत अदलाबदल केली गेली, तेव्हा अनेकांनी न निवडलेला चेहराच आपण का निवडला याची कारणे दिली. २०१३ मध्ये पेतितमाँजाँ आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग करताना निवडीच्या क्षणाचे वर्णन वरील पद्धतीने करवून घेतले, आणि अदलाबदल ८० टक्के वेळा ओळखली गेली. यावरून कथन नेहमीच अचूक असते असे ठरत नाही, पण ते सरावाने आणि साहाय्याने सुधारते, हे महत्त्वाचे आहे.

मेंदूवैज्ञानिक फ्रान्सिस्को व्हारेला यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या संशोधन-कार्यक्रमात अशी वर्णने आणि मेंदूच्या नोंदी एकमेकींना ताडून पाहिल्या जातात. अपस्माराच्या रुग्णांना या मुलाखतींतून झटक्याआधीच्या, एरवी लक्षात न येणाऱ्या संवेदना ओळखता येतात, आणि काही जण त्या आधारे येणारा झटका थोपवण्याचे स्वतःचे उपायही सांगतात.